रीळ, शके १८३१

तुंगार्ली, लोणावळा
१० नोव्हेंबर १९४१ (कार्तिक, शके १८६३)

मित्र राजमहंमद यास हौशीरामचा नमस्कार पोचावा.

कार्डावर जागा थोडी, म्हणून मुद्द्याचे तेवढेच लिहितो. आमचे बार्नेट साहेब बंगला रिकामा करून निलगिरीस मुलीकडे राहायला गेले. जाताना आपले रीळ मला देऊन गेले. (यात री दीर्घ आहे. 'रिळाची' म्हणताना मात्र रि ऱ्हस्व होते. मागच्या पत्रात तू 'पाणि' लिहिले होतेस, ते 'पाणी' पाहिजे.) तू पुणे कॅम्पात तुझ्या अल्लाउद्दीन मामूंच्या दुरुस्तीच्या दुकानात असतोस, साहेबांच्या जुन्या वस्तू रोज हाताळतोस. तरी या रिळाचे वय काय असेल व किंमत काय येईल, ते उलट टपाली कळवावे. माझ्या लग्नाचा प्रश्न आहे.

जागा संपली.

तुझा हौशीराम


पुणे कॅम्प
१३ नोव्हेंबर

दोस्त हौशा

तुझे कार्ड वाचून मामू आणि मी दोघेही चक्रावलो. रिळाची किंमत सव्वा आणा. पण दोरा किती उरला आहे ते तू लिहिले नाहीस. पांढरा असेल तर बदरुन्निसा मामी घेईल म्हणते. काळा असेल तर तूच ठेव कारण तुझ्या सदऱ्याचे एक बटण शाळेपासून गायब आहे. साहेब लोक कंजूष असतात हे ठाऊक होते पण इतकी वर्षे बाग राखणाऱ्याला दोऱ्याचे रीळ देऊन जावे म्हणजे कमाल झाली. आणि तुझे लग्न दोऱ्यावर कसे काय लोंबकळते ते जरा सविस्तर कळव.

पाणी ऱ्हस्व असो की दीर्घ तहान भागते.

तुझा राजू


तुंगार्ली
१६ नोव्हेंबर

मित्र राजमहंमद यास,

तुझे पत्र वाचून वाईट वाटले. त्यात एकही स्वल्पविराम नव्हता, त्याचेही वाटले. आपण दोघे एकाच मास्तरांच्या हाताखाली चौथी झालो. पुढे मी पाचवी अर्धी केली, इतकाच काय तो फरक. पण असो.

हे रीळ दोऱ्याचे नाही, मासे धरण्याचे आहे. साहेब दर रविवारी तुंगार्लीच्या तळ्यावर काठी घेऊन बसत व मी गांडुळांचा डबा धरून मागे उभा राही. त्या काठीच्या बुडाशी हे रीळ बसवलेले असे. पितळेच्या दोन गोल ताटल्या, मधे दोरी गुंडाळलेली, बाजूला फिरवायची मूठ. पितळ काळपट तपकिरी पडले आहे. मासा दोरी ओढू लागला की किर्रर्र असा आवाज होतो. खालच्या पायावर १८३१ हा आकडा ठोकलेला आहे. म्हणजे हे रीळ एकशेदहा वर्षांचे झाले की काय, या विचाराने मी ते उशाशी ठेवतो व कूस बदलत नाही.

आता लग्नाचे. सूदुंबरे येथील रखमाजी यांची मुलगी मुक्ता. तिला मी एकदाच पाहिले, वडगावच्या जत्रेत. हलवायाच्या पाटीवर 'मीठाई' असे लिहिले होते. ती आईला हळूच म्हणाली, "मि ऱ्हस्व पाहिजे." त्या दिवसापासून माझे कशात लक्ष नाही.

माझी अंबूबाई आत्या शब्द टाकायला सूदुंबऱ्याला गेली होती. तिथले बोलणे तिने मला जसेच्या तसे सांगितले. रखमाजी म्हणाले, "पोराला जमीन?"

"न्हाई."

"मग हाय काय?"

आत्याने पदर सावरला. ती म्हणाली, "सायबानं रीळ दिलंय."

"रीळ हाय, मग शिवायचं मशीन कुटं हाय? पोरगा शिंपीकाम करतो व्हय?"

"तसलं न्हाई वो भाऊ, मासं धरायचं. लय जुनं, लय मोलाचं."

"किती जुनं? किती मोलाचं? इचारून सांगा. तवर देहूरोडवाल्याला थांबवतो."

हा देहूरोडवाला डेपोच्या गोदामात कामाला आहे. त्याला पगार आहे, खाकी पाटलोण आहे व सायकल आहे. मला हे रीळ आहे. तरी मामूंना विचारून नीट लिही.

हौशीराम


पुणे कॅम्प
२० नोव्हेंबर

दोस्त हौशा

मासे धरायचे रीळ असे आधीच लिहिले असतेस तर बदरुन्निसा मामीने सुया काढून ठेवल्या नसत्या.

मामू आता गंभीर झाले आहेत. म्हणतात अशी रिळे साहेब लोक जीव टाकून जमवतात. इथे कॅम्पात एक म्हातारे कर्नल आहेत. रीळ जुने असेल आणि कोणी बिघडवलेले नसेल तर ते चाळीस रुपयेसुद्धा देतील. पण मामूंच्या प्रश्नांची उत्तरे आधी पाहिजेत. मूठ लाकडाची की शिंगाची. मूठ ताटलीवरच बसवली आहे की वेगळ्या वाकड्या दांडीवर. दांडी असेल तर फार जुने आणि ताटलीवर असेल तर नंतरचे. स्क्रूच्या खाचा शाबूत आहेत की कोणी विळ्याने उघडायचा पराक्रम केला आहे. पाय काठीत बसवायला कानशीने झिजवला आहे का. आणि पितळेवर जो काळपट थर म्हणतोस त्याबद्दल मामू बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो. काळे काढू नको ठेवू तसेच.

लवकर कळव. कर्नल रोज दुकानावरून जातात. आणि ती मुलगी तुझ्यासारखीच असेल तर तुमच्या घरात मुलांना बोलायला भीती वाटेल.

राजू


तुंगार्ली
२५ नोव्हेंबर (मार्गशीर्ष, शके १८६३)

मित्र राजमहंमद यास,

मामूंना माझा सलाम सांग. उत्तरे देतो. मूठ शिंगाची आहे. ती ताटलीवरच बसवलेली आहे, दांडी नाही. खाचा शाबूत. पाय झिजवलेला नाही.

काळ्या थराविषयीची त्यांची आज्ञा तंतोतंत पाळली. तुझ्या सवयीप्रमाणे वाक्यात विरामचिन्ह नव्हते. मी ते दोनदा मोठ्याने वाचले व योग्य जागी स्वल्पविराम दिला: 'काळे काढू, नको ठेवू तसेच.' त्याप्रमाणे चिंच, लिंबू, चुलीतली राख व नारळाची शेंडी घेऊन सबंध रविवार बसलो. कानाकोपऱ्यातले काळे बाभळीच्या काट्याने काढले. आता रीळ असे लखलखते की त्यात पाहून भांग पाडता येतो. मामूंना समाधान वाटेल.

आकड्यावरून मात्र इथे दोन तट पडले आहेत. महिपती चहावाला म्हणतो, साल इसवीच. आमचे जोशीबुवा म्हणतात, "पुढे इ. स. लिहिलंय का? नाही ना? मग शके."

महिपती म्हणाला, "सायब कशाला शके लिवंल? त्याला काय एकादशी असती व्हय?"

जोशीबुवा म्हणाले, "साहेबाला नसेल, कारागिराला असेल!"

तेव्हापासून चहाच्या दुकानात दोन बाकडी आहेत, इसवीचे व शकेचे. मी उभ्यानेच पितो.

रखमाजी येत्या रविवारी रीळ पाहायला येणार आहेत. त्याआधी तुझे उत्तर आले तर फार बरे होईल.

हौशीराम


पुणे कॅम्प
२८ नोव्हेंबर

दोस्त, हौशा,

हे, घे, तुझे, स्वल्पविराम. आजवरची सगळी बाकी एकदम चुकती केली.

अरे बाबा, काळे काढू नको, ठेवू तसेच! 'नको'च्या पुढे! तो काळेपणा हाच जुन्या रिळाचा दाखला असतो. कारखान्यातून निघताना त्याला तसा रंग चढवलेला असतो आणि वर वापराची झाक बसते. ती एकदा गेली की गेली. मामूंनी तुझे पत्र ऐकले आणि चष्मा काढून ठेवला. नंतर कर्नलसाहेब आले. मामूंनी त्यांना चिंचेचे सांगितले तेव्हा ते जवळच्या स्टुलावर बसले. ते स्टूल मोडके आहे हे सांगायला वेळच मिळाला नाही.

आता आकड्याचे. १८३१ हे साल नव्हे. तो त्या घडणीचा नंबर आहे. मामूंच्या हातून हाच आकडा ठोकलेली दोन रिळे याआधी गेली आहेत. त्यातले एक कोरे करकरीत दुकानात आले होते तेव्हा मामू इथे नवे उमेदवार होते. दिल्ली दरबाराच्या दोन वर्षे आधी. त्याच्याआधी ही घडण कोणी पाहिली नव्हती आणि पुढे शिंगाच्या मुठी आल्या नाहीत. तेव्हा तुझे रीळ १९०९ च्या आसपासचे. वय बत्तीस. काळे असते तर कर्नलांनी चाळीस दिले असते. आता पंधरा म्हणतात आणि तेही खाचा शाबूत म्हणून.

माझे ऐक. रखमाजींना यातले अक्षर सांगू नकोस. रीळ चमकते ना? चमकू दे.

राजू

ता. क. मामी म्हणते सुया अजून बाहेरच आहेत.


तुंगार्ली
२ डिसेंबर

मित्र राजमहंमद यास,

तुझे पत्र सोमवारी आले. रखमाजी रविवारी येऊन गेले. त्यामुळे जे झाले ते तुझ्या सल्ल्याविनाच झाले, व तुझ्या सल्ल्यासारखेच झाले.

बंगल्याच्या मागच्या ओट्यावर घोंगडी अंथरली होती. आत्याने बेसनाचे लाडू केले होते. जोशीबुवा, महिपती व इतर मंडळी बोलावल्याशिवाय हजर होती. रखमाजींनी हात धुतले, धोतराला पुसले व रीळ उचलले. नेमके त्याच वेळी ऊन त्याच्यावर पडले. सगळ्यांच्या तोंडावर पिवळा उजेड नाचू लागला.

रखमाजी म्हणाले, "सोनं हाय का रं ह्ये?"

आत्या खोकली. महिपती म्हणाला, "सायबाघरचं हाय भाऊ. तितं पितळ कोन वापरतंय?"

"जुनं किती?"

"एकशेदहा वर्सं," महिपती म्हणाला.

"बत्तीस," जोशीबुवा म्हणाले.

"दोगांत मिळून धरा," आत्या म्हणाली.

मी खरे सांगायला तोंड उघडले, तेव्हा आत्याने त्यात लाडू घातला. आत्याचे लाडू तुला ठाऊक आहेत. मी तो चावतो आहे तोवर रखमाजींनी मूठ फिरवली. किर्रर्र. त्यांच्या गाडीच्या बैलांनी कान टवकारले. त्यांनी पुन्हा फिरवली. मग बराच वेळ ते मूठच फिरवत बसले. जाताना एवढेच म्हणाले, "रातकिड्यावानी वाजतंय. झ्याक हाय. देहूरोडवाल्याला काय त्ये कळवतो."

मंडळींनी मला उचलायचे तेवढे बाकी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तुझे पत्र आले.

आणखी एक गोष्ट सांगतो. तू १९०९ लिहिलेस. त्यातून अठ्ठ्याहत्तर वजा करून पाहा. शके १८३१ च येतात. आकडा सालाचा नव्हता तरी साल तेच निघाले. मी हे जोशीबुवांना सांगण्याची चूक केली. "नंबर असेल नाही तर आणखी काही असेल, शके ते शके," असे म्हणून ते आता रस्त्याच्या मधून चालतात. महिपतीने त्यांचा चहा बंद केला आहे.

पण मला झोप नाही. मुक्ताच्या वडिलांच्या मनात सोने आहे व माझ्या घरात पितळ आहे. आत्याला म्हटले, मी लिहून कळवतो. ती म्हणाली, "आरं, लगीन झाल्यावर हुईल की पितळ. घाई काय?" पण जी मुलगी परक्या हलवायाच्या पाटीवरची चूक खपवून घेत नाही, तिच्या घरी मी ही चूक कशी ठेवू? उद्या पत्र टाकतो. नक्कल सोबत जोडली आहे.

हौशीराम


(नक्कल)

तुंगार्ली
३ डिसेंबर १९४१

रा. रा. रखमाजी यांस, मु. सूदुंबरे, ता. मावळ.

हौशीरामचा साष्टांग नमस्कार. रविवारी आपण जे रीळ पाहिले ते पितळेचे आहे, सोन्याचे नाही. एकशेदहा वर्षांचे नाही, बत्तीस वर्षांचे आहे. त्याची किंमत चाळीस रुपये आली असती; परंतु ती मी घालवली. पुण्याहून 'काळे काढू नको ठेवू तसेच' असे लिहून आले होते. मी स्वल्पविराम 'काढू'च्या पुढे दिला, तो 'नको'च्या पुढे द्यायचा होता. त्यामुळे चमक आली व किंमत गेली. आता पंधरा रुपये येतील. सोने नाही एवढे तरी मी रविवारीच सांगणार होतो, पण तोंडात लाडू होता.

जोशीबुवा व महिपती यांना दोष देऊ नये. देहूरोडच्या स्थळाविषयी आपण योग्य ते करावे.

आपला आज्ञाधारक,
हौशीराम


सुदुंबरे
१० डिसेंबर

हौशीरामास रखमाजीचा रामराम.

तुजं पत्र आलं, पोरीनं वाचून दावलं. पोरीकडूनच ह्ये लिवून घेतो. म्या सांगतो तसंच लिव म्हनलंय, तिनं तिचं सुदीक काय घालायचं न्हाई.

रीळ पितळंचं हाय ह्ये मला हातात घेतल्याबरुबर कळलं. सोनं असतं तर सायेब तुला बाग देऊन रीळ घिऊन गेला असता. तुजी आत्या खोकली तवाच वळखलं. समदे सोनं सोनं म्हनत व्हते, तू येकलाच काय बोलला न्हाईस. तुज्या तोंडात लाडू व्हता ह्ये म्या बघितलं. लाडू गिळल्यावर पोरगा काय बोलतो म्हनून वाट बघत बसलो. तुला लाडू गिळाया चार दिस लागलं. आत्याला म्हनावं बेसन जरा भाजत जा.

त्यो देहूरोडवाला बी यिऊन गेला. सायकल त्याची न्हाई, मेव्हन्याची हाय. त्ये मेव्हन्यानंच सांगितलं.

तवा आता लय लांबन लावत न्हाई. माजं म्हननं येवडंच हाय सोयरीक करू नको दुसरी बघू

रखमाजी, त्यांच्या सांगण्यावरून


तुंगार्ली
१३ डिसेंबर

मित्र राजमहंमद यास,

घात झाला. रखमाजींच्या पत्रातले शेवटचे वाक्य उतरवून पाठवतो: 'सोयरीक करू नको दुसरी बघू'. पुढे पूर्णविरामसुद्धा नाही.

'सोयरीक करू, नको दुसरी बघू' असे असेल तर माझे लग्न ठरले. 'सोयरीक करू नको, दुसरी बघू' असे असेल तर मोडले. अक्षर मुक्ताचे आहे. साऱ्या पत्रात बाकी सगळे स्वल्पविराम जागच्या जागी आहेत, अक्षर मोत्यासारखे आहे. नेमका इथेच नाही! ती विसरली असेल हे शक्य नाही. मग काय समजायचे?

आत्या म्हणते, ठरले, बस्ता बांधायला जाऊ. महिपती म्हणतो, मोडले, चहा घे. जोशीबुवा म्हणतात, वाक्य शकेप्रमाणे वाच. म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता येईना. मी एकदा स्वल्पविराम दिला आणि पंचवीस रुपये बुडाले. आता मी हात लावणार नाही. तू सांग, कुठे देऊ?

हौशीराम


पुणे कॅम्प
१६ डिसेंबर

दोस्त हौशा

मी कशाला सांगू. ती एकदा चुकती केलेली बाकी सोडली तर मी जन्मात स्वल्पविराम दिला नाही आणि माझे काही अडले नाही.

मामूंना वाचून दाखवले. ते म्हणाले जुनी वस्तू हातात आली आणि खूण कळेना तर अंदाजाने घासत बसू नये. ज्याने घडवली त्याला विचारावे. घडवणारी सुदुंबऱ्यात आहे. तिला विचार.

कर्नलसाहेब पुन्हा आले होते. पंधरा द्यायला अजून तयार आहेत. देऊ का विकून?

राजू


सुदुंबरे
२२ डिसेंबर

तुंगार्लीचे रा. रा. हौशीराम यांस,

आबांच्या सांगण्यावरून लिहिते. 'कृपया स्वल्पविराम कोठे द्यावा' असे विचारणारे आपले पत्र पोचले. तो 'करू'च्या पुढे द्यावा. ते वाक्य सांगताना आबा मधे थांबले नाहीत, म्हणून मीही थांबले नाही.

देहूरोडला कळवले आहे. पौष सरला की माघात सुपारी फोडू. रीळ कोणालाही विकू नये, येताना सोबत आणावे. आबांनी आमच्या विहिरीच्या रहाटाला किर्रर्र वाजवायचा फार प्रयत्न केला, पण तसे वाजत नाही. चुलते आले की ते म्हणतात, "जावयाकडं हाय त्ये आयका एकदा." रिळाला पुन्हा चिंच लावू नये. काळे पडायचे तर पडू द्यावे.

ता. क. एवढे आबांनी सांगितलेले नाही. सुदुंबऱ्यातला 'सु' ऱ्हस्व आहे. आपल्या पहिल्या पत्रात तो दीर्घ होता, तेव्हा हात कापला असेल असे समजले. दुसऱ्या पत्रातही दीर्घच होता, तेव्हा आपलेही चुकते हे कळून बरे वाटले. तिसऱ्यात मात्र चालणार नाही.

मुक्ता